डोलकाठी जोडत होतो तेव्हा तू गप्प का राहिलास?

दादा,

तुझ्या तेराव्याला आलेली माणसं एका सुरात सांगत होती, रंगनाथरावांनी उभ्या जन्मात कुणाला दुखवलं नाही. मी पंक्तीत वरण वाढत होते. वाळूजच्या तुझ्या कंपनीतले ते जाड चष्म्याचे गृहस्थ म्हणाले, "ताई, असा सरळ माणूस पुन्हा व्हायचा नाय." मी त्यांच्या पानात इतकं वरण ओतलं की ते भातावरून वाहत जमिनीवर गेलं. त्यांना वाटलं, बहिणीचं दुःखानं भान सुटलंय. दुःखानं नव्हतं सुटलं. सरळ माणूस म्हणे! चार महिने माझ्या डोळ्याला डोळा देऊन खोटं बोलत होतास तू.

गेलेल्या माणसाला बोल लावू नये, हे मला ठाऊक आहे. तू मोठा, मी धाकटी, हेही ठाऊक आहे. पण तू उठून गेलास म्हणून भांडण मिटलं असं समजू नकोस.

दहाव्याच्या दिवशी वहिनी तुझं कपाट आवरत होती. स्वेटरांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेले कागद निघाले. तिनं ते उघडलेसुद्धा नाहीत, सरळ माझ्या हातात दिले. न उघडता दिले तेव्हाच मी समजायला पाहिजे होतं की आत काय आहे ते तिला माहीत आहे. हृदयाच्या तीन नळ्या बंद. बायपास करावी लागेल. पंधरा दिवसांत भरती व्हावे. जड वस्तू उचलू नये, दमेल असं काम करू नये. वर तारीख होती. ती तारीख मी तीनदा वाचली. गौरी जेवल्या त्याच्या नंतरचा सोमवार. म्हणजे डोलकाठी मोडली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

त्या रविवारचं तुला आठवतंय का? मला तर आता दुसरं काही आठवतच नाही.

नाथसागर धरणाच्या पाण्यावर आपण दोघंच होतो. ती सोळा फुटी लाकडी नाव तू अलिबागकडच्या कुठल्याशा बोटींच्या अड्ड्यावरून उचलून आणलीस तेव्हा पुंडलिकनगरची तुझी अख्खी गल्ली हसली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "नळाला आठ आठ दिवस पाणी नाय आन् ह्यांनी नाव आणलीया." तूही हसलास. त्याआधी आपल्या घरात समुद्र कुणी पाहिला नव्हता. आपण धनगराची पोरं, आपली सात पिढ्यांची दौड मेंढरांच्या मागं. पण रिटायर झाल्यावर तुला एकच खूळ होतं. धरणात गेलेल्या आपल्या वाडीवरून एकदा शिडाच्या नावेतून जायचं. "इंजिनाच्या बोटीतून नाय जायाचं," तू म्हणायचास. "तिच्या डोक्यावरून फटफट करत जायला आपण काय ठेकेदार हाय का? गपचूप जायाचं. वाऱ्यानं नेलं तसं."

तर त्या रविवारी वाडीच्या अर्ध्या वाटेवर होतो आपण. ढग होते, पण वारा मऊ होता. मग एकाएकी उत्तरेकडून झोत आला, नाव कलली, आणि डोलकाठीला आधार देणाऱ्या तारेची खालची पट्टी लाकडातून उपटून निघाली. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. काठी माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून शिडासकट पाण्यात गेली. मी किंचाळले. तू मागं सुकाणूपाशी बसून हसत होतास. "कुसे, वाचलीस!" म्हणालास. मग मोडलेली काठी, शीड, तारा असं सगळं ओढून आपण नावेत घेतलं आणि तू वल्ही मारायला घेतलीस. काठ दूर होता. मधे तीनदा थांबलास. तोंडानं श्वास घेत होतास, कपाळ ओलं, ओठ कसेतरीच. मी म्हटलं, "दे इकडं वल्ही." तू म्हणालास, "मेंढरांमागची पोर तू, तुला काय जमतंय." मला वाटलं वय झालं. मला वाटलं, घाबरलाय आणि दाखवत नाही. दुसऱ्या दिवशी तू गुपचूप डॉक्टरकडं गेलास आणि तो कागद घेऊन आलास.

आणि बुधवारी तू माझ्या घरी उस्मानपुऱ्यात आलास. चहाचा कप हातात घेऊन म्हणालास, "कुसे, काठीला लोखंडी पाइप चढवू. मोडलेली दोन्ही टोकं पाइपात घालायची, चार बोल्ट मारायचे, झालं. चार दिवसांचं काम. येत्या रविवारी वाडीवर जाऊन येऊ."

दादा, मी तेव्हा काय बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतंय. मी म्हणाले, "हे फिटरचं डोकं झालं. लाकूड वाकतं, पाइप वाकत नाही. पाइप जिथं संपतो नेमकी तिथंच काठी पुन्हा मोडेल. तिरका सांधा करायचा, दोन्ही टोकं उतरती तासून एकमेकांवर चिकटवायची. काठीच्या जाडीच्या बारा पट लांब. तीन इंचाची काठी, तीन फुटांचा सांधा. वरचा जुना तुकडा शाबूत आहे, खालचा तुकडा नवा घालू." तू म्हणालास, "त्याला किती दिवस लागतील?" मी म्हणाले, "लागतील तेवढे लागतील. घाई कशाची आहे? वाडी कुठं पळून चाललीय?"

घाई कशाची आहे, असं मी विचारलं होतं. खिशात तो कागद असलेल्या माणसाला.

तेव्हा तू तोंड उघडायला पाहिजे होतंस. एवढंच म्हणायचं होतं, "कुसे, मला पंधरा दिवसांत दवाखान्यात जायचंय." मी त्याच दुपारी लोहाराकडून पाइप कापून आणला असता. नाहीतर नावेला काडी लावली असती आणि तुला दवाखान्यात बखोटीला धरून नेलं असतं. दोन्हीपैकी काहीतरी नक्की केलं असतं. तू मला ते करूच दिलं नाहीस. तू कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "बराय. तुझ्या मनासारखं." मी जिंकले म्हणून मला आनंद झाला, दादा. तू मला जिंकू दिलंस याची मला आता शिसारी येते.

मग सुरू झालं ते सगळं. लाकडासाठी आपण वखारी पालथ्या घातल्या. सरळ रेषेचा, बिनगाठीचा देवदार पाहिजे होता. रफीकभाई वखारवाले फळ्या उलट्यापालट्या करत म्हणाले, "बाजी, नाव के वास्ते? इदर नाव किदर चलती? इदर तो टँकर चलता." तू इतका हसलास की ठसका लागला, आणि लाकडाच्या थप्पीवर जाऊन बसलास. मी रफीकभाईंशी गाठींवरून वाद घालत राहिले. त्यांनी तुला पाणी दिलं. मी नाही दिलं. पहिलं लाकूड मी परत करायला लावलं, कारण मधे एक बारकी गाठ होती. दुसऱ्यासाठी बारा दिवस थांबलो.

तुझ्या घरासमोर सुताराचे दोन लाकडी घोडे मांडून आपण त्यावर काठी ठेवली. मी कागदावर उतार काढून दिला, तू रंधा चालवायचास. पाच मिनिटं रंधा, दहा मिनिटं खुर्ची. मी काय म्हणायचे? "रिटायर काय झालास, आळशी झालास." तू छातीवर हात चोळत म्हणायचास, "ऍसिडिटी लई झालीया." वहिनी दारातून बघायची. मला वाटायचं तिला हे सगळं आवडत नाही. एकदा ती एकदम म्हणाली, "वन्सं, एखादा सुतार बोलवा की." मी म्हणाले, "वहिनी, सुताराला काय कळतंय यातलं?" तेव्हा तिनं तुझ्याकडं पाहिलं. तू मान खाली घालून लाकडाचा भुगा फुंकत होतास. ती नजर मला आत्ता कळते. तेव्हा मी उताराला गुण्या लावून कोन बघत होते.

पहिला सांधा आपण चिकटवला तेव्हा पावसाची झड लागलेली होती. हवेत ओल, गोंद सुकेना. आठ दिवसांनी क्लॅम्प काढले तर एका कडेला केसाएवढी फट. तू म्हणालास, "चालंल की ग. वरून दोरी गुंडाळू." मी म्हणाले, "नाही. फोड." तू म्हणालास, "कुसे..." मी म्हणाले, "फोड म्हणते ना." आणि तू पटाशी घेऊन आपला सांधा फोडलास. पुन्हा रंधा, पुन्हा उतार, पुन्हा थांबणं. त्यात महिना गेला. मधे दिवाळी झाली. भाऊबीजेला मी तुला ओवाळलं, तू मला साडी दिलीस, आणि पाटावरून उठताना तू भिंतीला हात टेकलास.

मी काय मूर्ख आहे का? मुलांच्या ड्रॉइंगमधली अर्ध्या मिलिमीटरची चूक मला लांबून दिसते. आयटीआयमध्ये तीस वर्षं तेवढंच केलं मी. माझा भाऊ माझ्यासमोर भिंत धरून उठतो ते मला दिसलं नाही, कारण तू मला दिसू दिलं नाहीस. हेही मी तुझ्याच नावावर टाकते. अर्धं माझं आहे, ते मी कुणाला सांगत नाही.

एक मात्र तुला सांगते, कारण ते रागात बुडून जायला नको. आयटीआयच्या त्या वर्गात मला तूच नेऊन बसवलं होतंस. बाप म्हणत होता, पोरीला कशाला रेघोट्या मारायला पाठवता. तू पहिल्या पाळीवरून आलेलास, अंगाला ऑइलचा वास, आणि तू त्याला म्हणालास, "तिच्या रेघोट्यांवरून माझ्यासारखे दहा जण काम करतील." वर्गात मी एकटी मुलगी. पहिला आठवडा तू फाटकाबाहेर सायकल लावून उभा असायचास. मला म्हणाला होतास, "करायचं तर नीट करायचं कुसे. चालंल की, असं कधी म्हणायचं नाय." हे तुझंच वाक्य होतं. मी ते तुझ्यावरच चालवलं.

डोलकाठी उभी केली तो रविवार मार्गशीर्षातला. सकाळचं धरण तुडुंब, पाणी निळं आणि शांत. गणपतमामा भोई मदतीला आला होता. त्याचं अख्खं आयुष्य त्या धरणात जाळी टाकण्यात गेलेलं, त्याच्याच आवारात आपण नाव ठेवायचो. वीस फुटांची काठी. मी आणि मामा पुढून दोर ओढत होतो, तू बुडखा खांद्यावर घेऊन तो नावेतल्या खाचेत बसवत होतास. काठी अर्ध्यावर अडली. आणि मी ओरडले, "जोर लाव की दादा! जीव नाही का अंगात?"

जीव नाही का अंगात.

तू जोर लावलास. काठी उभी राहिली. तारा ताणल्या. तू नावेच्या कडेला बसलास, तोंड राखेसारखं झालेलं, आणि वर सांध्याकडं बघत म्हणालास, "दिसतच नाय ग, कुठं जोडलंय ते." मी म्हणाले, "म्हणून म्हणत होते." मला घाई होती, घरी पाहुणे यायचे होते. आपण ठरवलं, पुढच्या रविवारी वाडीवर. दोघंच. मी स्कूटर सुरू केली आणि मागं वळूनही पाहिलं नाही.

शुक्रवारी भर दुपारी जेवण करून तू पेपर घेऊन खुर्चीत बसलास. वहिनी ताक घेऊन आली तेव्हा पेपर खाली पडलेला होता.

दहाव्याला ते कागद हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. बायका होत्या, मी सगळ्यांना बाहेर काढलं. मी वहिनीला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

ती म्हणाली, "व्हय."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग मला का नाय सांगितलं? एक फोन करायचा होता!"

"त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली होती. म्हणाले, डोलकाठी झाली, वाडीवर जाऊन आलो, की दुसऱ्या दिवशी भरती होतो. कुसुमला सांगितलंस तर ती नाव फोडंल."

"फोडलीच असती!"

"म्हणूनच नाय सांगितलं."

मी तिला नको ते बोलले, दादा. म्हणाले, तुम्ही नवऱ्याला मरू दिलंत. शपथ मोठी की माणूस मोठा? ती शांतपणे तांदूळ निवडत होती. मग तिनं सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "वन्सं, राग काय तुम्हालाच येतो का? चार महिने मी त्या माणसाशेजारी कान लावून पडायचे. श्वास चालू हाय का नाय बघत. तुम्ही त्यांना आळशी म्हणायच्या तेव्हा माझ्या तोंडाशी यायचं. गिळायचे. रोज म्हणायचे, आता जाऊ दवाखान्यात. ते म्हणायचे, कुसुम बरोबर म्हणती, काम नीटच व्हायला पाहिजे, थोडंच राहिलंय. थोडंच राहिलंय! तुम्ही दोघं भाऊबहीण एका मापाची. तुमच्या मधे मी कोण होते?"

याचं उत्तर तुझ्याकडं तरी होतं का?

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी करवत घेतली आणि धरणावर गेले. कुणाला सांगितलं नाही. नाव मामाच्या आवारात बांधलेली होती, डोलकाठी उभी. तिला बघून माझं डोकं फिरलं. किती सरळ, किती गुळगुळीत, किती नीट! मी नावेत चढले आणि सांध्याच्या वर करवत लावली. लाकडात ती सहज गेली नाही. आपण लाकूडच इतकं घट्ट निवडलं होतं. भुगा माझ्या पायावर पडत होता आणि मी तुला शिव्या देत होते. मोठमोठ्यानं. बापाकडून ऐकलेल्या सगळ्या.

गणपतमामा झोपडीतून बाहेर आला. त्यानं मला अडवलं नाही. काठावर उकिडवा बसला आणि तंबाखू मळत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "ताई, कापायची तर कापा. पण एक सांगतो, मग कापा. रंगनाथराव बुधवारी आलते."

माझा हात थांबला. "कोणत्या बुधवारी?"

"गेले त्याच्या आदल्या. एकटेच आलते. म्हणले, मामा, चल. आमी दोघं गेलो वाडीवर."

दादा, तू माझ्याशिवाय गेलास.

मला वाटलं होतं की चीड येण्यासारखं आणखी काही उरलेलं नाही. मी खाली बसले. मामानं सगळं सांगितलं. वारा चांगला होता. तू सुकाणू धरलं होतंस. जागा कशी ओळखायची ते तुला माहीत होतं. पलीकडच्या टेकाडाची दोन टोकं एका रेषेत आली की खाली आपली वाडी. तिथं तू शीड सोडून दिलंस. नावेत पालथा पडून पाण्यात बघितलंस, कपाळाला हात लावून, खूप वेळ. मामानं विचारलं, "काय दिसतंय का?" तू म्हणालास, "काय बी नाय. हिरवंगार." मग उठून बसलास आणि मेंढरांना घालायची ती हाळी घातलीस. बाप घालायचा तशी. लांब, गळ्यातून. एकदा, दोनदा, तीनदा. मामा म्हणाला, "माझ्या अंगावर काटा आला. वाटलं आता मेंढरं पाण्यातून येतीत वर."

"मग?" मी विचारलं.

"मग हसले. म्हणले, ताईला सांगू नको, ती लई चिडंल. रविवारी तिला घेऊन येतो, तेव्हा पहिल्यांदाच आल्यागत करतो."

म्हणजे अजून एक खोटं ठरवून ठेवलं होतंस. रविवारी तू माझ्यासमोर नाटक करणार होतास. टेकाडाची टोकं जुळल्यावर, आली ग आली, असं ओरडणार होतास आणि मी फसले असते. मला रडू आलं आणि मी रडता रडता तुला पुन्हा शिवी दिली. तुला माहीत होतं तुझ्याकडं रविवार आहे की नाही याची खात्री नाही. म्हणून तू बुधवारी जाऊन आलास. हे तुला माहीत होतं आणि तरीही शुक्रवारी तू दवाखान्यात नाही, खुर्चीत होतास.

पण पोहोचलास. तेवढं ऐकून माझ्या आत कुठंतरी गार वाटलं. आपण जोडलेल्या काठीनं तुला तिथवर नेलं आणि परत आणलं, पाइपानं नव्हे. हा विचार आला आणि लगेच मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. तिला कसं कळलं कुणास ठाऊक. माझ्या घरी करवत जागेवर नाही हे बहुतेक कुणीतरी सांगितलं असेल. "वन्सं, कापली का?"

"थोडी."

"किती?"

मी चिरेवर बोट ठेवून बघितलं. "नखभर."

ती म्हणाली, "तेवढ्यावर थांबा. मला जायचंय तिथं."

वहिनीला पाण्याची भीती. तुला माहीतच आहे, नाव आणल्यापासून ती एकदाही तिच्यात बसली नव्हती. मी म्हणाले, नको. ती म्हणाली, "तुम्ही दोघांनी मला पुसलं व्हतं का कधी? आता मी सांगते."

करवतीच्या चिरेत मी गोंद भरला, वरून नायलॉनची दोरी आवळून गुंडाळली आणि तीन दिवस सुकू दिलं. काल दुपारी गणपतमामा, वहिनी आणि मी गेलो. अर्धंच शीड उघडलं. वारा थोडा होता. वहिनी नावेच्या तळाला बसली होती, डोळे मिटून, दोन्ही हातांनी माझा पदर धरून. टेकाडाची टोकं जुळली तेव्हा मामानं शीड सोडलं आणि म्हणाला, "हितं."

मी वाकून पाण्यात बघितलं. खरंच काही दिसत नाही. मी सहा वर्षांची होते, तू अकरा. मला त्या वाडीतला फक्त एक दगडी उंबरा आठवतो आणि वाडी सोडताना तुझ्या खांद्यावरून दिसलेली मेंढरांची पाठ. मला वाटलं होतं इथं आल्यावर मी तुला सगळं बोलून टाकीन. लिहून आणलं होतं मनात. पण तिथं मला नुसता तो उंबराच आठवत राहिला.

वहिनीनं डोळे उघडले. तिनं माझा पदर सोडला. नाव हलत होती तरी ती गुडघ्यांवर उभी राहिली, एक हात डोलकाठीला धरून. दादा, त्या बाईनं छत्तीस वर्षांच्या संसारात तुला एकदाही नावानं हाक मारली नाही. 'अहो'शिवाय तिच्या तोंडी काही नव्हतं. तुझ्या मयतीतसुद्धा ती 'अहो' म्हणूनच रडली. ती पाण्याकडं बघून ओरडली, "रंगनाथ!"

गणपतमामानं मान दुसरीकडं फिरवली.

"रंगनाथ! मला का नाय ईचारलंस रे? मला न ईचारता कसा गेलास तू?"

तिचा आवाज पाण्यावरून पार टेकाडापर्यंत गेला. ती पुन्हा ओरडली, पुन्हा 'तू' म्हणाली, आणि तिला थांबवायला मी हात पुढं केला नाही. मीही तिच्याशेजारी गुडघ्यांवर उभी राहिले आणि तिच्याबरोबर ओरडायला लागले.